चिंचेची फांदी कापणाऱ्याकडे लायसन्स मागायचं का?

भाऊ, घरावर आलेली चिंचेची फांदी कापायला माणूस लावताना लायसन्स पाहायचं का, असं तुम्ही विचारलंत. झाड छाटणाऱ्यासाठी आपल्याकडे सरकारी लायसन्सच नाही. परवानगी लागते ती झाडाची. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, मोह, साग आहेत, आणि झाडाला इजा करणंही त्यात तोडच धरलं आहे. झाड वावरात, धुऱ्यावर असलं तरी मोठ्या फांदीसाठी आधी वृक्ष अधिकाऱ्याला विचारा.

अमेरिकेत कनेक्टिकट, मेरिलँड अशा काही राज्यांत परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेचं प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. ते दर ३ वर्षांनी नवं करावं लागतं. पण तिथेही लेखी परीक्षा वेगळी आणि झाडावर चढून द्यायची वेगळी. म्हणजे नुसत्या कागदावरून झाडावरचं काम कळत नाही. आपणही माणसाचं कामच तपासावं.

त्याला विचारा, फांदी कशी कापणार? बरोबर उत्तर तीन कापांचं आहे. बुंध्यापासून हात-दीड हात सोडून खालून पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत पहिला काप. त्याच्या बोट-दोन बोटं पुढे वरून दुसरा. इथे फांदी पडते. उरलेलं खुंट तिसऱ्या कापाने, फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो त्याच्या लगेच बाहेर. खालचा काप टाळला की फांदी वजनाने मोडताना बुंध्याची साल खालपर्यंत सोलून नेते. कडाच कापला तर जखम भरत नाही, कूज आत शिरते. लांब खुंट ठेवलं तरी तेच. वर डांबर किंवा गेरू फासून कूज थांबत नाही.

“सगळा शेंडा उडवून देतो” म्हणणाऱ्याला काम देऊच नका. तिथून फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, जाड झाले की वादळात तेच छपरावर येतात. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नको.

वजनाचा अंदाज त्याला असलाच पाहिजे. २५ सेंटिमीटर जाड, ४ मीटर लांब ओली फांदी दोन क्विंटलच्या आसपास भरते. ती घरावर सोडता येत नाही. वरच्या भक्कम फांदीवरून दोर घेऊन तुकड्या-तुकड्याने उतरवावी लागते. झटका बसला की दोरावर वजनाच्या कितीतरी पट ताण येतो, म्हणून बैल बांधायचा जुना दोर चालत नाही. आरी चालवताना चढणारा दोन ठिकाणी बांधलेला हवा, कारण चुकून एक दोर कापला गेला तर दुसरा धरतो. डोक्यावर हेल्मेट, आणि खाली कोणी नाही हे पाहणारा एक माणूस.

फांदीजवळून तार जात असेल तर महावितरणच्या लाइनमनने लाइन बंद करून अर्थिंग लावल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नका. ओली फांदी तारेला टेकली तरी करंट उतरतो. डीपीचा फ्यूज आपणच काढून काम उरकू म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.