शेजारची कॉट

‘शेजारच्या कॉटवरच्या आजी गेल्याचं आईला सांगितलेलं नाही, मॅडम. सांगावं का? आधीच खचलीये, धक्का सोसेल?’

2021 च्या पावसाळ्यात, कोविडची दुसरी लाट ओसरताना, पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमातल्या आजींच्या मुलीने हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) प्रश्न आजही येतो, फक्त कोविडच्या जागी कधी पक्षाघात असतो, कधी खुब्याचं ऑपरेशन.

आजी आजारातून उठल्या होत्या, पण जेवायला हॉलमध्ये येईनात. रेडिओही बंद. आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-12, चालू गोळ्या तपासून घेतल्या. म्हातारी माणसं गप्प होतात ती दर वेळी मनामुळेच असं नाही. मग मी भेटायला गेले.

शेजारची कॉट हलवलेली. फरशीवर तिच्या पायांचे गंजाचे चार डाग. आजींनी खुर्ची फिरवून डागांकडे पाठ केली होती.

‘इथे कोण असायचं, आजी?’

‘कॉट उचलली तेव्हाच कळलं गं मला. पण मुलगी लपवतीये ना, म्हटलं राहू दे. तिला कशाला त्रास?’

लेक आईला जपत होती, आई लेकीला. रडणं दोघींचंही राहून गेलं होतं. मुलीला म्हटलं, ‘गावाला गेल्यात’ वगैरे रचू नका. जवळ बसा, हात धरा आणि ‘गेल्या’ असंच म्हणा. स्मृतिभ्रंश असता तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे तीच बातमी रोज नव्याने देण्यात अर्थ नाही.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये गेलेल्या आजींचा फोटो ठेवला, हार घातला. प्रत्येकाने एकेक आठवण सांगायची. सगळ्यात जास्त रडल्या त्या मावशी, ज्यांनी त्यांना शेवटपर्यंत भरवलं होतं. त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

व्यवस्थापकांकडे मी एवढंच मागितलं, की आंघोळ कधी, चहा कधी, हे आजींना ठरवू द्या. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लँगर आणि रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये हेच करून पाहिलं होतं: एका गटाला निवडीची मुभा आणि सांभाळायला एक रोप. तो गट जास्त उत्साही दिसला. आमच्याकडे रोपाला जागा नव्हती, चहा सहाचा साडेसहाला झाला. स्वयंपाकघरातून कुरकुर झालीच.

दोनेक महिन्यांनी नव्या आजी येणार म्हणून कॉट परत आली. ती लावायच्या आत आजींनी मावशींना हाक मारली, ‘थांब, खिडकीकडची जागा आता मला हवी.’