जुने कर्ज 'सेटल' केले होते, आता गृहकर्ज नाकारले जात आहे. पत पुन्हा कशी उभी करावी?

आपण लिहिले आहे की २०२० च्या टाळेबंदीत नोकरी गेल्यावर आपल्या वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकले, २०२२ मध्ये बँकेने तडजोडीची रक्कम घेऊन ते खाते मिटवले आणि क्रेडिट कार्डाची बाकी मात्र तशीच राहिली. आता पगार नियमित असूनही आधी गृहकर्ज आणि मग दुचाकीचे कर्जही नाकारले गेले आहे. क्रेडिट स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या सवयीवरून दिलेला पतीचा आकडा, ५८० च्या आसपास आहे, तेव्हा एखादे छोटे कर्ज घेऊन तो वाढवावा का, असा आपला प्रश्न आहे. मी नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काम केले आहे, आणि माझे स्पष्ट मत असे की तूर्त कोणतेही नवे कर्ज घेऊ नये. ३०० ते ९०० मधला तो आकडा अर्ज पुढे सरकवायला उपयोगी पडतो. पण अर्ज टेबलावर आला की कर्ज अधिकारी पत-अहवालातल्या, म्हणजे आपल्या सर्व कर्जांच्या परतफेडीच्या नोंदींतल्या, एकेका खात्यापुढचा शेरा पाहतो, आणि तिथे 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलेले) किंवा 'रिटन ऑफ' (बुडीत म्हणून हिशेबातून काढलेले) दिसले की चांगल्या पगाराची स्लिपही फारशी कामाला येत नाही.

म्हणून सुरुवात अहवालापासून करावी. आपल्याकडे सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या ही माहिती ठेवतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. चारही अहवाल मागवावेत, कारण एकीकडे बंद दाखवलेले खाते दुसरीकडे चालू दिसते, असे पुष्कळदा घडते.

सिबिलच्या अहवालात प्रत्येक खात्याखाली महिनावार चौकटी असतात, जास्तीत जास्त ३६ महिन्यांच्या. चौकटीत तीन शून्ये असतील तर त्या महिन्यात काही थकलेले नव्हते. ०३० असेल तर हप्ता तीस दिवस मागे होता. तीन फुल्या असतील तर बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवलेली नाही. ०९० च्या पुढे आकडे गेले की खाते अनुत्पादक (एनपीए), म्हणजे वसुली धोक्यात आलेल्या कर्जांच्या वर्गात गेले असे समजावे. आपल्या बँक पासबुकातील हप्त्यांच्या तारखा या चौकटींशी शांतपणे ताडून पाहाव्यात, कारण भरलेला हप्ता थकलेला दाखवला गेला असेल तर तो इथेच सापडतो.

आता मुख्य गोष्ट. तडजोड झाली तेव्हा आपल्याला वाटले असेल की प्रकरण संपले. वसुलीचे फोन थांबतात, पत्र मिळते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बँकेच्या दृष्टीने तिने काही रक्कम सोडून दिलेली असते, आणि 'सेटल्ड' हा शेरा हेच सांगतो. तो पुसण्याचा अधिकार सिबिलला नाही. बँकेने कळवल्याशिवाय कोणतीही कंपनी नोंद बदलू शकत नाही. तेव्हा त्याच बँकेकडे लेखी अर्ज करावा की सूट मिळालेली रक्कम मी भरण्यास तयार आहे, ती नेमकी किती हे लेखी कळवावे, आणि भरणा झाल्यावर खाते 'क्लोज्ड' म्हणून नोंदवण्यात येईल याचे पत्र द्यावे. हे पत्र हाती येण्याआधी एक रुपयाही भरू नये. दंडव्याज कमी करण्याची विनंती जरूर करावी, पण त्या सवलतीमुळे शेरा पुन्हा 'सेटल्ड'च राहणार का, हे आधी विचारून घ्यावे. पैसे भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि तो जन्माच्या दाखल्याइतका जपून ठेवावा.

कार्डाच्या बाकीचेही असेच करावे. फक्त आधी पाहावे की ती बाकी अजून मूळ बँकेकडेच आहे, की बँकेने ती मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे बँकांची थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकली आहे. विकली असेल तर भरणा आणि दाखला दोन्ही त्या कंपनीशी संबंधित असतात. वसुली एजंटाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे कधीही पाठवू नयेत.

अहवालातली नोंदच चुकीची असेल तर तो अहवाल देणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २०२४ पासून लागू आहे. त्यानंतरही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करावी. 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या दलालांना मात्र अजिबात थारा देऊ नये. जे आपण फुकट करू शकतो त्याचेच ते पैसे घेतात, आणि खरी थकबाकी तर तेही पुसू शकत नाहीत. आधीच कर्जाने पोळलेल्या माणसाला असे लुबाडले जाताना पाहून मला फार वाईट वाटते.

शेरे मार्गी लागले की मग नवा इतिहास घडवावा. त्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड सर्वांत सोयीचे, कारण ठेव तारण असल्याने बँक जुन्या नोंदींकडे तितक्या कठोरपणे पाहत नाही. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आतच खर्च करावा आणि 'किमान देय' नव्हे, तर पूर्ण बिल मुदतीआधी भरावे. मोबाइल ॲपवरची झटपट कर्जे टाळावीत, कारण प्रत्येक छोटे कर्ज अहवालात वेगळे खाते म्हणून दिसते. दर महिन्याला नव्या बँकेत अर्ज टाकणेही थांबवावे; प्रत्येक चौकशीची नोंद राहते. आणि कुणासाठी पतसंस्थेत किंवा बँकेत जामीन राहिला असाल तर त्या कर्जाची स्थितीही विचारून घ्यावी, कारण जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज येऊ शकते.

कार्डाची किमान वर्षभराची स्वच्छ नोंद झाल्यावर, जिथे पगार जमा होतो त्या बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन गृहकर्जाचा एकच अर्ज करावा. दोन्ही खात्यांचे दाखले आणि नोकरी गेल्याचे २०२० चे कागद सोबत न्यावेत. घरात कमावती दुसरी व्यक्ती असेल आणि तिचा अहवाल स्वच्छ असेल, तर तिला सहकर्जदार करण्याविषयी त्याच भेटीत विचारावे.