१९५०-६० च्या काळात ग्रामसेविका नेमकं काय काम करायच्या? फक्त शिवणकाम शिकवायच्या का?

माझी आत्या १९५८ ला वऱ्हाडात ग्रामसेविका म्हणून लागली, त्यामुळे तिच्याकडून ऐकलेलं सांगते. शिवणाचं मशीन होतं, महिला मंडळात एकच, त्यावर झबली-टोपडी शिकवायच्या, पण "फक्त शिवणकाम" म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

ग्रामसेविका ज्या योजनेत नेमल्या जायच्या ती गावांच्या विकासाची सरकारी समुदाय विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ ला ५५ ठिकाणी सुरू झाली. पुढे जे ब्लॉक (विकास गट) पडले त्यात एका ब्लॉकला साधारण १०० गावं, आणि त्याला ग्रामसेवक १०, ग्रामसेविका मात्र २. म्हणजे शेतीच्या बाजूला दहा माणसं आणि चूल, पाणी, बाळंतपण, पोरांचं खाणंपिणं एवढ्या सगळ्याला दोन बाया! आत्या म्हणायची, कागदावर पन्नास गावं, पायी होतात तेवढी पाच-सहाच.

तिने सगळ्यात जास्त जीव लावला तो बिनधुराच्या चुलीला. वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल, माती नि भुसा कालवून घालायची, एका जाळावर दोन-तीन भांडी आणि धूर नळीतून छपराबाहेर. बाया हौसेने घालून घ्यायच्या आणि महिन्याने जाऊन बघावं तर शेजारी जुनी चूल पेटलेली. वरचे साहेब म्हणायचे बायका अडाणी आहेत. आत्या मात्र दोन-तीन घरी सकाळपासून नुसती बसून राहिली, तेव्हा कळलं की ज्वारीची भाकरी तव्यावरून काढली की चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करून शेकतात आणि नव्या चुलीचं तोंड इतकं लहान की भाकरी तिथे उभीच राहत नाही, शिवाय लाकूड बारीक फोडून लागतं, ते आधीच शेतावर जाणाऱ्या बाईने कधी फोडायचं, आणि नळीत काजळी धरली की धूर उलटा घरात, पावसात छपराच्या भोकातून गळतं ते वेगळंच.

मग तिने तोंड रुंद ठेवून चुली घालायला सुरुवात केली. धूर थोडा जास्त झाला, पण चुली वापरात राहिल्या. नळी साफ करायला काठीला चिंध्या बांधून द्यायची. मला तर हेच खरं विस्तारकार्य, म्हणजे नवी गोष्ट गावात नेऊन रुजवणं, वाटतं.

बाकी बालवाडी, युनिसेफच्या दूध पावडरचं वाटप, पाणी शुद्ध करायला विहिरीत लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) टाकणं, मोरीच्या पाण्यावर शेवगा-पपई लावून देणं, हे रोजचंच. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, ऑफिसची पाटी बदलली, काम तेच राहिलं.

तिच्या मासिक अहवालात "चुली किती घातल्या" एवढाच रकाना असायचा. चालू किती, याला रकाना नव्हता, ते ती स्वतःच्या वहीत मागच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवायची, घरातल्या बाईच्या नावासकट.