मागच्या गरोदरपणात बीपी वाढलं होतं? मग हे वाच

अगं, पहिल्याच भेटीला जुनी फाईल घेऊन जा. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी, बीपीचा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून, द्यायची का, हे डॉक्टर शक्यतो सोळाव्या आठवड्याआधी ठरवतात. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस एवढ्यातच होतो, तारीख चुकवू नकोस. डबल मार्करमध्ये (बाळात डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शक्यता सांगणारी रक्ततपासणी) ‘हाय रिस्क’ आलं तरी हबकू नकोस. तो अंदाज असतो, निदान नव्हे.

घरी बीपी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बस, पाठ टेकव, दंड हृदयाच्या पातळीला ठेव आणि आकडा वहीत लिही. 140/90 किंवा जास्त दिसलं तर त्याच दिवशी फोन कर. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले, बरगड्यांखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठ. सकाळची वाट बघू नकोस, प्लीज.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी रुग्णालयात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.