वाचक विचारतात: चहाला नाही, मग पाहुण्याला काय?

प्रश्न : आम्ही मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चला जातो, घरी चहा-कॉफी नाही. पण गावात पाहुण्याला चहा न विचारणं म्हणजे अपमानच. काय द्यावं? आणि मे महिन्यातला उपवासाचा रविवार सासूबाईंना झेपेल का? त्यांना शुगर आहे.
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, चर्चच्या 1833च्या आरोग्य-नियमात चहापत्ती बसत नाही, ग्रीन टीसुद्धा नाही. गवती चहा मात्र चालतो. ते निव्वळ गवत. चार कप पाण्यात आठ-दहा पाती आणि बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून पाच मिनिटं उकळा, दूध घालून एक उकळी आणा. गूळ भांडं उतरवल्यावरच घाला. उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. उन्हाळ्यात पन्हं बरं. पाहुण्याने खर्रा (तंबाखू-सुपारी) पुढे केला तर नुसते हात जोडा, पुरे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी लागोपाठ दोन जेवणं सोडतात, पाणीही नाही. वाचलेला पैसा गरजूंसाठी चर्चमध्ये देतात. पण आजारी माणसाला सक्ती नाही. सासूबाईंनी गोळी घेऊन उपाशी राहूच नये, साखर एकदम उतरू शकते. त्यांनी वेळेवर जेवावं, प्रार्थनेत बसावं, दान द्यावं. तुम्हीही त्या दिवशी उन्हात शेतावर जाऊ नका.