पॅन्टोप्राझोल सुरू झालंय ना, मग हे वाच

हे बघ, पॅन्टोप्राझोल 40, म्हणजे पोटातलं अ‍ॅसिड कमी करायची गोळी, सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी घ्यायची आणि मग अर्ध्या तासाने नाश्ता, मी पहिले 2 आठवडे पोहे खाऊन वर चहा मारून घ्यायचो आणि म्हणायचो औषधाला गुणच नाही. चावायची नाही, तोडायची पण नाही, वरचं कोटिंग गेलं की पोटातल्या अ‍ॅसिडमध्येच गोळी खराब होते. आणि ही काय इनो नाही, लगेच थंड वाटणार नाही, 3-4 दिवस धीर धर.

अल्सर निघाला असेल तर डॉक्टरांना एच पायलोरीची टेस्ट विचारच. तो जंतू असला तर 14 दिवस अँटिबायोटिक्स पण असतात, तोंड कडू होतं, वैताग येतो, पण बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नको, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न. संपल्यावर महिनाभराने परत टेस्ट.

कंबर दुखली की मेडिकलमधून कॉम्बिफ्लामसारखी पेनकिलर आणायची सवय असेल तर ती आधी बंद कर, अल्सरचं निम्मं कारण तेच असतं बऱ्याचदा. हार्टसाठी क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पॅन्टोप्राझोलच्याच जातीची ओमेप्राझोल नको, डॉक्टरांना सांग, ते अ‍ॅसिडची गोळी बदलून देतात. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःहून थांबवायची नाही हां.

जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं पॅन, म्हणजे हीच गोळी, खाणारे आमच्याकडे घरोघरी आहेत, त्याने बी12 कमी होऊ शकतं. पण एकदम बंद केली तर जळजळ परत उसळू शकते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर.

संडास डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर गोळी शोधत बसू नको, सरळ कॅज्युअल्टी गाठ.