फणसाच्या लाकडाचा कॉम्प्युटर कॅबिनेट करतोयस तर आधी भंगारवाल्याकडे जाऊन ये

तुझा प्रश्न दोनदा वाचला. मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, जुनं माजघर उतरवलं त्यातल्या फणसाच्या चार फळ्या बाबांनी जपून ठेवल्यात, त्यांचा कॉम्प्युटरसाठी पूर्ण लाकडी कॅबिनेट करायचाय, मायक्रो-एटीएक्स मापाचा (म्हणजे लहान आकाराचा) मदरबोर्ड आहे, २८ सेंटीमीटरचं ग्राफिक्स कार्ड आहे, आणि सुतारकाका म्हणतायत गणपतीच्या आधी करून देतो. मी वेंगुर्ल्याचा, हा उद्योग दोनदा केलाय, पहिला फसला, दुसरा गेली पाच वर्षं टेबलावर आहे, त्यामुळे उत्तर लांबेल, चहा घेऊन बस.

आधी गणपतीचं. नको करू. एकतर गणपतीच्या आधी सुतार कोणाचा होत नाही, मखरं-माटव्यांत अडकलेला असतो, आणि दुसरं म्हणजे आषाढ-श्रावणात लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं, तेव्हा माप घेऊन कापलंस तर फेब्रुवारीत सांध्यांतून उजेड दिसेल. उलटंही होतं. मी पहिला कॅबिनेट ऐन मे महिन्यात केला, कोरडं ठणठणीत लाकूड, बाजूचं झाकण खाचेत सरकतं ठेवलं होतं, सुळकन आत जायचं, येईल त्याला सरकवून दाखवलं. जुलैत रॅमची पट्टी वाढवायची होती तर झाकण हलेना. साबण लावला, खोबरेल तेल सोडलं, शेवटी हातोडी घेतली तेव्हा बायको म्हणाली पावसात घराची दारं पण अशीच अडकतात, ती काय फोडतो काय आपण? गप्प बसलो आणि दिवाळीपर्यंत ८ जीबीवर काढली. तर कापाकापी दिवाळीनंतर. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, म्हणून अख्खी रुंद फळी चारी बाजूंनी स्क्रू मारून आवळायची नाही. जुन्या घराचं दार बघ, मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते, गोंद नसतो, तसंच करायचं, दोन्हीकडे दोन-दोन मिमी हलायला जागा ठेवून.

आता मुख्य गोष्ट. पूर्ण लाकडी हा हट्ट सोड. बाहेरून लाकूड दिसू दे, आतला सांगाडा पत्र्याचाच ठेव आणि तो विकत घेऊ नको, भंगारवाल्याकडून जुना एटीएक्स कॅबिनेट उचल, मला २०० रुपयात मिळाला होता, वर त्याने पायाशी पडलेला एक फॅन फुकट दिला. एटीएक्स म्हणजे मदरबोर्ड आणि डब्याचं ठरलेलं माप, ते इंटेलने १९९५ ला ठरवलं, बोर्डाच्या स्क्रूंच्या भोकांच्या जागा अजून त्याच आहेत त्यामुळे पंधरा-वीस वर्षं जुन्या डब्यात आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड निमूट बसतो. फक्त ब्रँडेड कंपन्यांचे तयार डेस्कटॉप असतात त्यांचा डबा घेऊ नको, त्यांची मापं बऱ्याचदा आपापली असतात. या डब्यातून बोर्डाचा ट्रे आणि मागची पाठ अशी एकसंध काप, ग्राइंडर नसेल तर ग्रिल-गेटवाल्या फॅब्रिकेटरला दे, दहा मिनिटांचं काम आहे, कापलेल्या कडा कानशीने घास आणि रेड ऑक्साइड मार नाहीतर पहिल्याच पावसात गंज धरेल.

एवढा खटाटोप का ते सांगतो. पहिल्या वेळी मी पाठ प्लायची केली. सुतारकाका इंच आणि सूत यात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. कार्डांच्या स्लॉटमधलं अंतर असतं २०.३२ मिमी, म्हणजे ०.८ इंच, म्हणजे सुतात ६.४. काका म्हणाले सहा सूत धरू, मी म्हटलं धरा. पहिल्या स्लॉटला कार्ड छान बसलं. चौथ्या स्लॉटला वायफायचं कार्ड लावायला गेलो तर भोक जवळजवळ ४ मिमी सरकलेलं! काकांची चूक नाही, दरवाजात अर्धं सूत कोण बघतो, पण इथे ते दर स्लॉटला साठत जातं. मागच्या पोर्टांच्या पट्टीचं भोक पण असंच, १५८.७५ बाय ४४.४५ मिमी, हे हाताने प्लायमध्ये काढून बघ म्हणजे कळेल. भंगारातल्या पाठीवर हे सगळं मशीनने पंच केलेलं आयतं मिळतं. आणि कार्डाचं वजन पत्र्यावर येतं ते वेगळंच.

मापांसाठी आत्तापासून पुठ्ठ्याचं मॉडेल कर. आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या माळ्यावर असतीलच. बोर्ड २४४ बाय २४४ मिमी, साधा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) १५० रुंद आणि ८६ उंच, लांबी कंपनीप्रमाणे बदलते, तुझ्याकडचा मोजून घे. डब्याची पुढून मागपर्यंतची खोली ठरते ग्राफिक्स कार्डावरून, २८० कार्ड, २५ पुढचा फॅन, आणि कार्ड काढताना बोटं घालायला निदान ३०-४०, म्हणजे आतून साडेतीनशे धर. रुंदी ठरते सीपीयूच्या कूलरवरून, टॉवरवाले १५५ ते १६५ च्या आसपास जातात, त्यात ट्रेच्या मागे वायरी लपवायला २० घाल. एक गोष्ट सगळे विसरतात ती म्हणजे कार्डाच्या पॉवरची वायर, ती झाकणाच्या बाजूला निघते आणि तिला वळायला ३५ मिमी तरी लागतात, ती झाकणाने दाबली गेली तर कनेक्टर गरम होतो. पुठ्ठ्यात खरा बोर्ड, खरं कार्ड ठेवून बघ (अर्थात वीज न लावता), आणि आठवडाभर ते खोकं टेबलावर तसंच राहू दे, आई काय म्हणते तेही कळेल.

हवा. लाकूड उष्णता बाहेर सोडत नाही, पत्र्यासारखं अंगानेच थोडंफार गार होणं इथे नाही, त्यामुळे जे काही आहे ते फॅनवरच. पुढे १२० मिमीचे दोन फॅन आत खेचणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत जास्त आणि बाहेर कमी ठेवलं की फटीफटीतून हवा बाहेरच जाते, आणि आपल्याकडची ती तांबडी धूळ फक्त जाळीवाटेच येऊ शकते, जिथे ती पुसता येते. जाळी म्हणून खिडकीची मच्छरजाळी कापून लावली मी, कडेला जुन्या फ्रिजच्या दाराच्या रबरातली चुंबकपट्टी, फट्‌कन निघते, धुवायची, परत लावायची. जाळी मागच्या फॅनला पण लाव. ही धुळीसाठी नाही, पालीसाठी. पालीला उबदार जागा आवडते. पुढचं विचारू नको.

फॅनच्या स्क्रूंची भोकं चार कोपऱ्यांत, एकमेकांपासून १०५ मिमीवर. फॅनबरोबर येणारे आखूड स्क्रू पत्र्यासाठी असतात, १२ मिमी लाकडाला ४५ मिमीचे एम४ नट-बोल्ट लागतात, ते स्टीलचेच घे, होडीवाले जिथून सामान घेतात त्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील, साधे घेतलेस तर खाऱ्या वाऱ्याने वर्षात तपकिरी. तळाला तू ६ मिमी प्लाय म्हणतोयस, ते नको, १२ घे आणि आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून मरीन प्लायच घे. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) तर घरातच आणू नको, पावसात पापडासारखा फुगतो. पॉलिश पीयूचं (पॉलियुरेथेनचं), आतून बाहेरून दोन्हीकडे, प्लायच्या कापलेल्या कडांना दोन हात जास्त, आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत काही बसवायचं नाही.

अर्थिंगचं मनावर घे. लाकडी डब्याला हात लावला की झिणझिण्या येत नाहीत म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे, पण अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे आतल्या धातूवर व्होल्टेज चढतंच, मागचा यूएसबी पोर्ट धरलास की कळेल. ट्रे आणि एसएमपीएसची पाठ एकाच पत्र्यावर असेल तर ट्रे आपोआप अर्थ होतो, म्हणून म्हटलं एकसंध काप, आणि एसएमपीएसच्या स्क्रूखालचा रंग खरवडून काढ. कातळावरच्या घरांत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डाच सुकतो, त्यात अधूनमधून पाणी ओतायचं. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, जागा वाचवायला तर मुळीच नाही.

चालू करायच्या बटनासाठी दाराच्या बेलचं बटन चालतं, दोनच वायरी, उलटसुलट लागल्या तरी फरक नाही, एलईडीच्या वायरींना मात्र प्लस-मायनस असतं. माझ्याकडे पितळेचं जुनं बेलबटन आहे, पाहुणे दाबतात आणि मशीन बंद पडतं, तेवढा एक त्रास आहे. पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेव, प्लॅस्टिकचं कव्हर घालून महिनाभर बंद ठेवलेल्या मशीनचे स्क्रू कसे होतात ते मी बघितलंय.

पुठ्ठ्याचं झालं की फोटो टाक, फॅनची जागा बघून सांगतो. आणि फळ्या काकांकडे नेण्याआधी त्यांवरून चुंबक फिरव, जुन्या घराच्या लाकडात मोडलेले खिळे हमखास असतात, काकांच्या रंध्याचं पातं गेलं तर गणपती सोड, शिमग्यापर्यंत पण कॅबिनेट होणार नाही.